गोधडीखालची आठ अंडी

लंकाबाई : पाथर्डीच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला ते बेस झालं. पर माजी गोधडी का वढतीयास? परवा ऊसतोडीची गाडी हाय. बांधून ठिवलीया मी ती.

दिशा : अंधार पाहिजे आई. थोडाच वेळ. वहिनी, तुम्ही पण या आत.

धनश्री : दिशाताई, तव्यावर भाकरी हाय.

दिशा : तवा उतरवा. भाकरी कुठं पळून जात नाही.

लंकाबाई : बघ धना, नणंद कशी बोलाया लागली तुजी. गेल्या साली शाळंत बाईनं नाव इचारलं तर ओढणी चावत हुती.

दिशा : आता नाही चावत. आज तीन परीक्षकांपुढं बोलले. एकानं विचारलं, हे तुला कुणी पाठ करून दिलं? मी म्हटलं, सर, पाठ केलं असतं तर तुम्हाला बघून विसरले असते. सगळे हसले, सगळ्यात मोठ्यांदा आमच्या विज्ञानाच्या राजेश्वरी मॅडम. मग ढाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. पण ते राहू दे. परीक्षकांचं सोपं होतं, खरी परीक्षा तू आहेस. धर हा मोबाईल.

(तिघी एका गोधडीखाली. बाहेर भर दुपार.)

लंकाबाई : उकडून मारतीस का काय.

दिशा : टॉर्च अंड्याच्या रुंद टोकाला लाव. कोंबडी बसवल्यावर तू बघतेसच की.

लंकाबाई : बघती तर. आठवड्यानं एकेक काढायचं, उजेडावर धरायचं. लाल दोरे दिसले तर ठिवायचं, न्हाई तर टाकायचं.

दिशा : मग तेच कर. ही शाळेत बल्बच्या खोक्यात उबवलेली आहेत. मॅडमनी प्रयोगशाळेतलं अल्कोहोल पातळ करून दिलं, ते चार अंड्यांत सोडलंय. चारांत नुसतं मिठाचं पाणी. भोक सगळ्यांना सारखं, मेणही सारखं. कुठलं कशाचं, ती खूण बुडाच्या कागदाखाली आहे. तू फक्त निवड.

लंकाबाई : म्हंजी फिरून त्या ब्रँडीवरच आलीस तू.

दिशा : हो. तिच्यावरच आले.

लंकाबाई : अगं, फडावर पहाटंची थंडी हाडात शिरती. पाचटाच्या कोपीत ऱ्हायाचं, तिला दार न्हाई. ह्या धनाला तिसरा म्हैना लागलाय. झाकनभर ब्रँडी आत्तापासनंच गरम पान्यातनं दिली तर काय इख दिलं का? माज्या सासूनं मला दिली. वाल्मिकच्या वेळंला रोज घेतली, तुज्या वेळंलाबी घेतली. काय झालं तुमाला? आन कोंबडीला कोन दारू पाजतंय?

दिशा : आधी निवड. मग भांड.

लंकाबाई : आन. हे चांगलं हाय. बघ गं धना.

धनश्री : कोळ्यावानी दिसतंय. मधी ठिपका, भवतीनं लाल लाल पाय. हलतंय की हो.

दिशा : काळीज धडधडतंय त्याचं. तो ठिपका म्हणजे पिल्लू आणि ते पाय म्हणजे रक्तवाहिन्या. अजून पीस नाही, चोच नाही, पण ह्या तयार. पिल्लाला अन्न ह्यातूनच, हवा ह्यातूनच.

लंकाबाई : हे टाकायचं. हेबी टाकायचं. हे, थांब. ह्यात पाट हाय, पर चाऱ्याच फुटल्या न्हाईत. असल्या रानात शेवटच्या वाफ्याला पानी पोचत न्हाई.

दिशा : हे मी परीक्षकांना सांगायला हवं होतं.

लंकाबाई : झालं. चार ठिवली, चार टाकली. काढ तुजी खूण.

दिशा : वहिनी, तुम्ही काढा. टाकलेली आधी.

धनश्री : दारू. दारू. हे बी दारू. आन हे… पानी.

लंकाबाई : आं? पान्याचंबी गेलंच की.

दिशा : गेलं. तुझ्या कोंबडीखालचंही एखादं जातंच. मी ते लपवलं नाही, तिथंही दाखवलं. आता ठेवलेली बघा.

धनश्री : पानी. पानी. पानी. आन… दारू.

लंकाबाई : दाव हिकडं. बघ, दारूचं असून कसं भरलंय. मी काय सांगत हुते?

दिशा : ते दादा आहे, आई.

लंकाबाई : काय?

दिशा : वाल्मिकदादा. नाहीतर मी. आम्ही ह्या बाजूला आलो आणि ती तिघं त्या बाजूला गेली. थेंब सगळ्यांना तेवढेच होते. सोडताना मला सांगता येत नव्हतं कुठलं कुठं जाईल. कोंबडी दारू पीत नाही हे खरं. पण बाई जे घेते ते नाळेतून बाळाकडं जातं. झाकण आपल्याला लहान वाटतं, त्याला नाही. वहिनींचं कुठल्या बाजूला जाईल, तुला सांगता येईल?

धनश्री : आत्या, टॉर्च बंद केलाव का?

लंकाबाई : न्हाई. मोबाईल पालथा ठिवला. धना, तुजं काय म्हननं?

धनश्री : मला नगं ती. पैल्या दिशीच नगं वाटली. तुमी मायेनं देता म्हनून बोलले न्हाई.

लंकाबाई : बोलायचं की मग.

धनश्री : आता बोलले.

दिशा : वहिनींचाही पहिला नंबर.

लंकाबाई : तू दात काढू नगं. थंडीला काय द्यायचं मग हिला?

दिशा : सुंठ, गूळ, माझा शाळेचा जुना स्वेटर. आणि दादाला कोपीला दार करायला लाव.

लंकाबाई : करील. न्हाई केलं तर मी करती. अगं, उठू नगं, गोधडी राहू दे. बाहेर टोळीतल्या बाया सामान बांधत्यात. आरतीला पाचवा हाय. बनुबाईच्या सुनंलाबी दिस गेल्यात.

दिशा : बोलावू त्यांना?

लंकाबाई : बोलीव. दोघी दोघी मावतील.

दिशा : तू सांगशील ना त्यांना? तुझं ऐकतात त्या.

लंकाबाई : मला कुठं येतंय असलं बोलाया. अंडी मी धरती. तू बोल.