पंखा चालू आहे

झिनाइदा : ...आणि एक सांगा, ग्लेब येगोरिच, तुम्ही आणि इल्दार झोपेत एकाच क्षणी हात कसे खाजवता?

ग्लेब : इतके महिने अंतराळात एकत्र राहिलं की होतं असं, डॉक्टरीणबाई. नवराबायकोसारखं.

झिनाइदा : नवऱ्याला खाज सुटली की मला जाग येते, खाज नाही. झोप मोजायचा तुमचा मनगटपट्टा कुठं होता?

इल्दार : माझ्या हातावर, बाई. दोन्ही.

ग्लेब : इल्दार! डॉक्टरांशी खासगी बोलणं चाललंय. तू व्यायाम करत होतास ना?

इल्दार : पळायच्या पट्ट्यावर होतो, कप्तान. पळून कुठं जाणार? सगळं ऐकू येतं.

झिनाइदा : म्हणजे तुम्ही झोपतच नाही.

ग्लेब : झोपायला कपाटाएवढी जागा. डोक्यावरचा पंखा थांबला की सोडलेला श्वास नाकापुढंच साचतो. परवा गुदमरून उठलो. तेव्हापासून पडल्या पडल्या पंख्यावर पहारा देतो.

झिनाइदा : इल्दारच्या कपाटात झोपा.

ग्लेब : त्याचाच पंखा काढून माझ्याकडं बसवलाय. तोही अधूनमधून डुलकी काढतो. माझ्याआधी त्याला झोप लागते.

झिनाइदा : मग कपाटाबाहेर, भिंतीला झोपायची पिशवी बांधून.

ग्लेब : तिथं हात तरंगत तोंडासमोर येतात. स्वतःच्याच हाताला घाबरून दोनदा ओरडलोय.

झिनाइदा : नवा पंखा?

इल्दार : येतोय ना, उद्याच्या यानातून. जे यान कप्तानांनी हातानं स्थानकाला जोडून घ्यायचं, ज्यासाठी त्यांनी आधी झोपायचं, ज्यासाठी पंखा हवा.

झिनाइदा : न झोपलेल्या माणसाच्या हाती यान द्यायच्या कागदावर मी सही करणार नाही.

ग्लेब : नाही केलीत तर यान थेट हिवाळ्यात येईल. आणि आमचं यान बिघडलंय. नवं आल्याशिवाय आम्हाला खाली उतरता येत नाही, बाई.

झिनाइदा : मग झोपा. आत्ता.

ग्लेब : दुपारचे बारा वाजलेत!

झिनाइदा : जोडणी पहाटे आहे, म्हणून तुमची रात्र बाराला सुरू केलीय.

ग्लेब : मॉस्कोत बसून रात्र सुरू केलीत. माझ्या पोटाला विचारलंत? ते अजून सकाळची खीर मागतंय.

इल्दार : मी बसतो शेजारी. पंखा थांबला तर उठवतो.

ग्लेब : तू? तुला उभ्या उभ्या झोप लागते.

इल्दार : इथं उभं कोण असतं, कप्तान? शिरा आत.

(ग्लेब आपला मनगटपट्टा परत हाताला बांधून कपाटात. इल्दार दाराशी. लाइन चालूच.)

ग्लेब : पंखा?

इल्दार : चालू आहे.

ग्लेब : इल्दार, पंखा?

इल्दार : चालू आहे! कानात बोळे घालून विचारू नका, मला ओरडावं लागतं.

ग्लेब : हं... येतोय वारा...

झिनाइदा : इल्दार? त्यांची नाडी उतरलेली दिसतेय. झोपले?

इल्दार : हळू बोला, बाई.

झिनाइदा : तुला धाप का लागलीय?

इल्दार : पंखा मघाशीच गेला. बुद्धिबळाच्या पटानं वारा घालतोय. पाय दांडीत अडकवलेत, नाहीतर एका झटक्यात मीच मागं जातो.

झिनाइदा : अरे, किती वेळ घालशील?

इल्दार : सकाळ होईपर्यंत.

झिनाइदा : तिथं दर दीड तासाला सकाळ होते, बाळा.

इल्दार : मग तुम्ही सांगाल ती.