अगं माय वं

दवाखान्याच्या बाकांवर माणसे नेहमी दबल्या आवाजात बोलतात. लाखांदूरला माझ्या शेजारी बसलेल्या सासू-सुना त्याला अपवाद होत्या. दोघींच्या मध्ये चार वर्षांची रीता पाय हलवीत होती.

“आई, डॉक्टरले सगळं खरं सांगजा.”

“मी काय लपवून राहिली वं?”

“उडी मारली का पोरगी कंबरेले हात लावते अन् ‘अगं माय वं’ म्हणते. एवढ्याशा लेकराची कंबर कायले दुखन?”

“मले काय मालूम?”

“अंगणवाडीच्या बाईनं सांगतलं, घरी बेडूकउड्या खेळवा, पाय मजबूत होतात. माह्या मागं धानाची रोवणी, म्हणून तुमच्या भरवशावर सोडलं.”

“खेळवलं ना. रोज खेळवलं.”

“मंग पडली का कुठं?”

“नाही पडली. बेडूक कसा उडते तिले समजे नाही. आजी, तू करून दाखव म्हणे.”

“अन् तुम्ही दाखवलं?”

“दाखवलं.”

“उडी मारून?”

“मंग का बसून?”

सून सासूकडे वळून बसली.

“उडी मारल्यावर तुम्ही काय म्हटलं होतं, आई?”

“मी काय म्हणीन? कंबरेनं म्हणवलं ते म्हटलं.”

“रीता, बेडूक कसा उडते, दाखव बरं.”

रीता बाकावरून उतरली. दोन्ही पाय जुळवून तिने छान उंच उडी मारली आणि मग सावकाश कंबरेवर हात ठेवला.

“अगं माय वं!”

आतून रीताचे नाव पुकारले गेले.

“चला आई, उठा.”

“मी कायले? नंबर तं रीताचा आहे.”

“कंबर तं तुमची आहे ना.”