नव्वद पावलांवरची खुर्ची

नाही, तिथे नको दादा, जरा वर घ्या — वर म्हणजे एवढं पण नाही, मान वर करून कोण वाचतंय हल्ली — हं, तिथे. थांबा, मशीन लगेच चालू करू नका. चहा ठेवलाय, तेवढा घ्या आधी, भिंत काही पळून जात नाही. बघू ती पाटी? ‘शहरातील सर्वात सुंदर कोपरा — प्रथम क्रमांक’. आणि खाली चक्क माझं नाव. मी गल्लीच्या मंडळाच्या अध्यक्षांना म्हटलं होतं, अहो, नाव कशाला, गल्लीचं नाव घाला, सगळ्यांनी काम केलंय — तर म्हणाले, सेक्रेटरी तुम्ही, धावपळ तुमची, नाव तुमचंच. मी पण फार ताणलं नाही. खोटं कशाला बोलू? बरं वाटलं तेव्हा. तीस वर्षं कोर्टात टायपिस्ट होते, दुसऱ्यांचीच नावं टाइप केली, आपलं नाव पहिल्यांदाच पत्र्यावर उमटलेलं बघतेय.

ह्या चार कुंड्या बघितल्यात? रंगाचे रिकामे डबे आहेत ते, मोठे, वीस लिटरवाले. लॉन्ड्रीवाल्याने आणून दिले, समोरच्या दोघी बहिणींनी रंगवले, माती आमच्या ह्यांनी भरली — आणि नंतर आठवडाभर कंबर धरून बसले. दर शनिवारी सकाळी सगळे जमायचे, कोणी झाडू घेऊन, कोणी नुसतंच सल्ले घेऊन. मला तर झारीबाई म्हणतात गल्लीत, तोंडावर म्हणतात. म्हणू दे. मागच्या वर्षी तीन गुणांनी हरलो आम्ही, फक्त तीन! वर्षभर टोचत होतं ते मला. नियमावली पाठ केली होती मी, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं — हिरवाईला वीस, स्वच्छतेला वीस, आणि फुटपाथवर मोडकी किंवा टाकाऊ वस्तू दिसली तर पाच वजा.

कुठे? खांबावर? तो चट्टा होय — काही नाही हो ते, जुना आहे. रंग मारायचा राहिला. हो, साखळीचाच, बरोबर ओळखलंत, साखळी घासून घासून झालाय. सायकल? नाही, सायकल नाही. खुर्ची होती तिथे. एक मोडकी खुर्ची, लोखंडी, एक हात नसलेली, बसायच्या जागी कापडाच्या पट्ट्या विणलेल्या. पालिकेच्या गाडीने नेली. चहात साखर कमी नाही ना झाली?

शिवणवाल्या काकूंची होती. ते पलीकडे बंद घर दिसतंय ना, हिरव्या दाराचं, ते त्यांचं. उभ्या गल्लीचे कपडे शिवले त्यांनी, माझा कोर्टात रुजू व्हायच्या दिवशीचा ब्लाउजसुद्धा त्यांचाच, आणि शिलाई घेतली नव्हती, म्हणाल्या, पहिली नोकरी आहे, राहू दे. मग गुडघे गेले त्यांचे. चालता यायचं, पण थोडंच, मग बसायलाच लागायचं. काकांनी काय केलं माहितीये? त्यांच्याबरोबर चालून पावलं मोजली. नव्वद. नव्वद पावलं झाली की काकू थांबायच्या. म्हणून नव्वदाव्या पावलावर काकांनी ती खुर्ची आणून ठेवली, खांबाला साखळीने बांधली, पट्ट्या काकूंच्याच चिंध्यांच्या, विणल्या मात्र स्वतः. तिथून दुकान सत्तर पावलं. जाताना बसायच्या, येताना बसायच्या. नव्वदावं पाऊल नेमकं आमच्या भिंतीपुढे पडलं, त्याला कोण काय करणार? काका गेले त्याला चार वर्षं झाली, खुर्ची राहिली. मी रोज खिडकीतून बघायची — पिशवी मांडीवर घेऊन पाच मिनिटं बसायच्या, मला बघून हात करायच्या, मग उठायच्या.

आता तुम्हीच सांगा, ही टाकाऊ वस्तू झाली का? पण नियमात तसं लिहिलेलं नसतं ना दादा. परीक्षकांना दिसणार काय, तर एक हात नसलेली गंजकी खुर्ची. पाच गुण! आणि आम्ही हरलो तीनने. मी काकूंना आधी सांगायला हवं होतं, एवढंच ना? हो, एवढंच. नव्वद पावलांवर तर घर. ‘काकू, दोन दिवस आत घेते, परीक्षक गेले की परत ठेवते’ — त्या नाही म्हणाल्या असत्या का? मुळीच नाही. उलट चहा दिला असता. पण मी म्हटलं, विचारायला गेलं की बोलणं लांबतं, काकांची आठवण निघते, डोळ्यांना पदर लागतो — कामं पडली होती हो ढीगभर! आणि खरं सांगू? मला ती परत ठेवायचीच नव्हती. कुंड्या त्याच जागेवर छान दिसत होत्या.

पालिकेची गाडी? हो, म्हणाले मी मघाशी. म्हणजे सगळ्यांना तेच सांगते ना, तोंडात बसलंय. दुपारी गल्ली झोपली होती. आमच्या ह्यांच्या पेटीतलं लोखंड कापायचं ब्लेड घेतलं आणि बसले साखळी कापत, इथेच, ह्या दगडावर. वीस मिनिटं लागली. काकांनी साखळी पण कसली घेतली होती, जाडजूड, कुणी नेऊ नये म्हणून. कुणी न्यायला कशाला येतंय, मी होते ना.

दुसऱ्या दिवशी अकराला परीक्षक आले. तिघं. एकाच्या हातात फाइल, तोच खरा कडक, बाकीचे दोघं मान हलवणारे. मी आपली सांगतेय, हे डबे असे, ही वेल तशी — आणि दुकानाकडून काकू आल्या; जाताना लॉन्ड्रीवाल्याने स्कूटरवरून सोडलं होतं, येताना चालत. पिशवी जड होती, एका अंगाला कलल्या होत्या. सत्तर पावलं झालेली. इथवर आल्या आणि थांबल्या. कुंडीकडे बघतायत, खांबाकडे बघतायत. मला म्हणाल्या, “अगं, खुर्ची कुठे गेली?” मी म्हटलं, पालिकेच्या गाडीने नेली वाटतं. पटकन निघालं तोंडातून, जणू तयारच होतं. फाइलवाला म्हणाला, कसली खुर्ची? तर मी म्हटलं — हे बघा, हे मी आमच्या ह्यांनाही सांगितलेलं नाही — मी म्हटलं, होती एक मोडकी, कोणाची तरी. काकूंच्या समोर. कोणाची तरी! ज्यांनी माझी शिलाई घेतली नाही त्यांच्या समोर. त्या हसल्या. ‘असं होय,’ म्हणाल्या. आणि टेकायला म्हणून त्या कोपऱ्यातल्या कुंडीच्या काठाकडे हात नेला, तर मी ओरडले, “हात नका लावू काकू, रंग ओला आहे!”

ओलाच होता, अहो. ते तरी खरं होतं.

गेल्या तशाच, पिशवी घेऊन. मी परीक्षकांना म्हटलं, या, पलीकडची बाजू बघा. धरून न्यायला हवं होतं, पिशवी तरी घ्यायला हवी होती, दोन मिनिटांचं काम. पाठीमागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. आला, ऐकला मी. बटाटे गडगडत गेल्याचाही ऐकला. मी म्हटलं, कोणीतरी बघेल — आणि फाइलवाल्याला वेलीचं नाव सांगत राहिले. लॉन्ड्रीवाल्याने उचललं त्यांना, रिक्षा त्यानेच आणली. खुब्याचं हाड. लेक दुसऱ्या शहरात असते, ती आली आणि घेऊन गेली. अडीच महिने झाले, दार बंदच आहे. गल्लीत सगळे म्हणतात, वय झालं होतं, पडायचंच होतं कधीतरी. मीही मान हलवते. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, ते खोटं नाही, पण कुणाला दिसत नाही हो खवखवताना, तेच तर वाईट.

निकाल लागला त्या दिवशी फोन आला. लेकीचा नंबर होता. म्हटलं, कळलं ह्यांना. तर लेक म्हणाली, आईला बोलायचंय. आणि काकू म्हणाल्या — आवाज अगदी बारीक झालाय — “पहिला नंबर आला म्हणे! वाटलंच होतं मला.” आणि पुढे म्हणाल्या, “मी ह्यांना तेव्हाच म्हणत होते, दुसऱ्याच्या भिंतीपुढे खुर्ची नको. आमच्यामुळे मागच्या वर्षी तुमचे मार्क गेले नाहीत ना गं?”

माफी मागत होत्या, दादा. माझी!

मी म्हटलं, नाही हो काकू, काहीतरीच काय. मग म्हणाल्या, “ते पालिकेवाले नेलेल्या वस्तू परत देतात का गं? चौकशी करशील? ह्यांच्या हातची आहे, म्हणून.” मी म्हटलं, करते ना. करते म्हटलं मी! कुठे करायची चौकशी? जिन्याखाली आहे ती, आमच्याच, चादर टाकून ठेवलीय. टाकवली नाही मला. एकदा भंगारवाल्याला हाक मारली, तो आला, आणि मी त्याला वर्तमानपत्राची रद्दी दिली. आमचे हे येता-जाता त्या चादरीकडे बघतात. एकदाच म्हणाले, सांगून टाक. त्यांचं काय जातं?

देऊन टाका म्हणताय? सोपं वाटतं तुम्हाला. रविवारी लेक येतेय घर रिकामं करायला — काकू आता तिच्याकडेच राहणार, इथे परत नाही येणार. लेक ह्याच फुटपाथवरून जाणार. खुर्ची दिली तर विचारेल, मिळाली कुठे? मग सगळंच सांगावं लागेल, अगदी ‘कोणाची तरी’पर्यंत. आणि नाही दिली तर काकू तिकडे वाट बघणार. रोज बघणार, ओळखते मी त्यांना. आणि इथे भिंतीवर ही पाटी, माझ्या नावाची, चार स्क्रूंनी पक्की.

नको, ते मशीन नका उचलू. आज नको. नाही, रविवारच्या आधी तरी नकोच, मग बघू. पाटी घेऊन जा तुम्ही, माझ्याकडे ठेवू नका. काय सांगू म्हणजे? अध्यक्षांनी विचारलं तर — सांगा, मशीन बिघडलं. हो, चांगलं आहे ते, दिसतंय मला. तुमचं नाव खराब नाही होणार हो, मशीन काय, कोणाचंही बिघडतं. एवढं सांगा तुम्ही. कप राहू द्या, मी उचलते. या आता.