टेबलावर मावणारं यंत्र

…मावतं हो, टेबलावर मावतं, मी कुठे नाही म्हणते? विकणारा माणूस दारातूनच ओरडला होता, "वहिनी, अख्खा कारखाना तुमच्या टेबलावर मावेल!" मावला. आता आम्हीच मावत नाही! जेवणाचं टेबल ते, त्यावर हे महाशय झाकण लावून बसलेत, रुसलेल्या पाहुण्यासारखे, आणि आम्ही तिघं ताटं मांडीवर घेऊन भिंतीला टेकून जेवतोय… मी नावं ठेवत नाही हं. माझं व्रत आहे. नुसतं सांगते.

तुम्हाला सांगते, आमचे हे लाकडी नमुने करायचे. म्हणजे कारखान्याला नवी वस्तू काढायची असली की आधी तिचा एक नमुना लागतो, तो यांनी हाताने कोरायचा. तीस वर्षं कोरले. आणि गेल्या वर्षापासून यांचा उजवा हात थरथरायला लागला. पटाशी धरली की तिचं टोक नाचतं. मला काही बोलले नाहीत, पण घरातल्या जखमेवर लावायच्या चिकटपट्ट्या कुठे संपतात ते मला कळत नाही होय? मग आणलं हे यंत्र. काठ्या बनवणाऱ्या एका कंपनीला म्हाताऱ्या माणसांसाठी नवी मूठ हवी होती. नमुना पसंत पडला तर पुढची सगळी कामं यांना, नाही पडला तर कामाच्या खोलीला कुलूप. हे "कुलूप" म्हणाले आणि खुंटीवरची खोलीची किल्ली काढून खिशात घालून बसले. मग मी काय करणार? देवापुढे दिवा लावला, जाड सुताचा दोरा घेतला, सात गाठी मारल्या. एक गाठ म्हणजे एक आठवडा. सात आठवडे या यंत्राबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही, पण यांचं काम होऊ दे.

तेव्हा ते खोक्यात होतं हो! मला काय माहीत आत काय चीज आहे ते!

तर हे यंत्र म्हणे आधी वस्तू बघतं आणि मग तशीच कोरतं. वस्तू कुठली? सासूबाईंच्या काठीची मूठ! वीस वर्षं त्यांच्या तळहाताने झिजून अशी गुळगुळीत झालेली की हातात घेतली की सोडवत नाही. ती काढून आत ठेवली, आणि सासूबाई छत्री टेकत फिरायला लागल्या. घरात! आणि बघतं कसं, तर डोळ्यांनी नाही, सुईने. टुक. मग थांबायचं. विचार करायचा. केसभर सरकायचं. टुक. एक दिवस झाला, टुक. रात्र गेली, टुक. सासूबाई म्हणतात, "अगं, मला विचारलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं माझी मूठ कशी आहे ते!" हे म्हणतात, "आई, ते एकेक ठिपका मोजतंय." "मोजू दे बापडं, तोवर मी चालायची विसरेन!"

मी नावं ठेवत नाही हं. माझं व्रत आहे.

मग वरची बाजू झाली. यांनी मूठ पालथी केली, खाली मेण लावून पक्की बसवली आणि गेले आंघोळीला. आणि मला वाटलं… हसू नका… वाटलं, एवढं मोठं काम, देवाचा दोरा नको का जवळ? तो सात गाठींचा दोरा मुठीवर लांबीने ताणून घातला, दोन्ही टोकं मेणात दाबली. सुई मूठ मोजायला आली आहे, ती दोरा कशाला मोजेल? माणसाला कळतं ना, हे आपलं काम नाही, हे बाईंचं काहीतरी असेल! हे आले, केस पुसत, नजर सगळी कॉम्प्युटरवर, बटण दाबलं. टुक. दुसऱ्या दिवशी सुई थांबली, मी हळूच दोरा काढून घेतला. कोणाला पत्ता नाही.

यंत्राला होता!

सुईच्या जागी यांनी कोरायचं पातं लावलं आणि त्याने घुंईं करून सगळ्या घरात भुसा उडवला. पाण्यात भुसा, उशीवर भुसा, देवापुढच्या दिव्यात भुसा. कंपनीत अकराला पोचायचं, साडेनवाला मूठ बाहेर आली. सुरेख! आणि उलट्या बाजूला, ऐन बोटांखाली, दोऱ्याची रेघ, तिच्यावर सात गाठी. ओळीत! हे पांढरे पडले. रेघ घासायला कानस घेतली, पण हात असा थरथरला की कानस खाली ठेवली आणि तशीच मूठ कागदात गुंडाळून निघाले. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढणार कुठला? दोरा माझ्या मुठीत होता.

कंपनीतल्या बाईंनी मूठ धरली, दाबली, ओल्या हाताने धरली. म्हणाल्या, "अहो, बोटं घसरत नाहीत! कोणाला सुचलं हे?"

आणि यांनी काय सांगावं? "यंत्र फार बारकाईने काम करतं." यंत्र! सात गाठी माझ्या, मूठ सासूबाईंची, आणि शाबासकी कोणाला, तर त्या टोचणाऱ्या, भुसा उडवणाऱ्या, टेबल गिळून बसलेल्या… नाही. नाही नाही. व्रत आहे.

काम मिळालं. त्या संध्याकाळी मी यांना दोरा दाखवला. आधी खूप हसले, मग हसता हसता डोळे पुसले, आणि कामाच्या खोलीची किल्ली पुन्हा खुंटीला अडकवली.

तर आज सातवा आठवडा संपत होता. आज! काय काय बोलायचं ते मी मनात ओळीने लावून ठेवलं होतं. सकाळपासून घसा खाकरून तयार. तेवढ्यात हे दोरा घेऊन समोर. "कंपनीतल्या बाईंचा फोन होता. मोठ्या पंजाच्या माणसांसाठी लांब मूठ हवी आहे, नऊ उंचवट्यांची. दोन गाठी आणखी मार ना. तुझ्या एकसारख्या येतात. माझ्या हाताने नाही येत गं."

आणि एक गाठ म्हणजे एक आठवडा, हे माझंच ठरलेलं!

मारल्या. दोन गाठी, दोन आठवडे. यंत्र फार चांगलं आहे हो आमचं.