पेट्रोलची गाडी वाट्याला आली

आमचं गाव रहिमतपूरच्या अंगाला, रस्त्यापासनं बरंच आत, आणि आमी दोघं भाऊ, थोरलं दादा आणि धाकटा मी, शिरपा. वडील लौकर गेलं, मंग दादांनी नांगर धरला आणि मला म्हणालं तू पलटणीत जा, म्हंजे घरात एक तरी पगार यील, म्हणून मी गेलो. बंदुकीनं माझा नेम काय लागायचा न्हाई, तवा मला वर्कशॉपात टाकलं आणि हातात पाना दिला, असं आमची मंडळी अजून चारचौघीत सांगती, आणि मी बी न्हाई म्हणत न्हाई.

तिथं एक पंजाबी उस्ताद व्हता, त्यानं मला कार्बोरेटर शिकवला. आता कार्बोरेटर म्हंजे काय, तर पेट्रोल आणि हवा हितं एकात एक मिसळायची आणि मंग इंजनात जायची. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर, हवा जास्त झाली की इंजन खोकतंय. इंजन चांगलं तापू द्यायचं, चालूच ठिवायचं, मंग बारका स्क्रू हळूहळू आत घ्यायचा, अडखळाय लागलं की थांबायचं, मंग उलटा सोडायचा, परत अडखळलं की थांबायचं, आणि ह्या दोन अडखळण्याच्या मधी जिथं ते जात्यागत एकसारखं चालतंय ती जागा धरायची. लय सोपं हाय. मला तेवढं एकच आलं आयुष्यात, बाकी कशातली मधली जागा काय गावली न्हाई.

सुटून आलो तवा मिळालेल्या पैशातनं लष्करानं लिलावात काढलेला जुना ट्रक घेतला, पेट्रोलवरचा. पैसा माझा, पण घर एकत्र, म्हणून गाडी घरची. बटाटं भरायचं आणि महाबळेश्वरला न्यायचं. वाई सोडून घाट चढाय लागलं की हवा पातळ हुती, मंग गाडी पेट्रोलनं गुदमरती, तवा मी निम्म्या घाटात थांबून कार्बोरेटरचा मोठा जेट काढून बारका घालायचो आणि खाली आलो की परत मोठा. जेट म्हंजे पेट्रोल यायचं बारीक भोक असलेला पितळंचा तुकडा, दुसरं काय न्हाई. मागनं येणारं ड्रायव्हर शिव्या द्यायचं, आरं हितंच संसार थाटतोस काय म्हणायचं. बायको म्हणायची, आवं गाडीसंगं बोलता तेवढं माझ्यासंगं बोलला असता तर मी बी घाट चढले असते.

मंग बहात्तरचा दुष्काळ पडला. काय सांगू तुमाला, आमच्या हिरीच्या तळाचं दगड दिसायला लागलं. दादा काठावर बसून नुसतं आत बघायचं. आणि माझी गाडी एक दिस रिकामी न्हाई, आटपाडीकडं जनावरांच्या छावण्या, तिकडं वैरण न्यायची, परत यायचं, परत न्यायची. अख्खं घर त्या गाडीवर खात व्हतं. पण आडात पाणी कमी आणि घरात दोन बायका, हंड्यावरनं रोज भांडण, शेवटी दादा म्हणालं वायलं होऊया, गोडीत हाय तवर.

आमच्यात वाटणीची रीत अशी, थोरल्यानं वाटं घालायचं आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हंजे थोरला आपला म्हणून एक वाटा मोठा करीत न्हाई. चांगली रीत हाय, मी तिला नावं ठेवत न्हाई.

त्या दिवशी सकाळी दादा म्हणालं, शिरपा, पंच म्हणून मामा यायचं हाईत, गाडी जरा सुरात लावून घे, त्यांना बी दिसू दे काय चीज हाय ती. मला काय, तेवढंच पायजे व्हतं. पोतं हातरलं, कार्बोरेटर उतरवला, जेट फुकून साफ केलं, परत बसवलं आणि कान लावला. अशी लागली गाडी की मामानं बॉनेटवर भरला पेला ठिवला. पाणी हललं न्हाई म्हणत न्हाई मी, हललं, पण सांडलं न्हाई.

मंग दादांनी वाटं सांगितलं. एक हीर आणि तिच्या खालचं रान, दुसरा गाडी आणि वरला माळ. बायकोनं मला आत बोलावलं आणि म्हणाली, आवं, हीर उचला. गाडी तुमच्याच पैशाची, तुमचीच वस्तू तुमाला वाटा म्हणून देत्यात. मी म्हणलं हिरीत दगड हाईत, दगड पेरू काय. ती म्हणाली पाऊस काय मेला न्हाई. आणि भाईर गाडी चालूच व्हती, मीच लावलेली, मलाच ऐकू येत व्हती, एकसारखी. मी भाईर आलो आणि गाडी म्हणलं. दादांच्या डोळ्याला पाणी आलं. मला वाटलं, भाऊ वायला होतोय म्हणून आलं.

फुडच्या साली पाऊस झाला, हीर काठाला आली. आणि पेट्रोल जे महागाय लागलं ते थांबंचना. डिझेलच्या गाड्यांनी भाडी घेतली. व्यापारी म्हणायचं, शिरपा, तुझी गाडी बोलती गोड पण पिती लय. मंग मी कमी पेट्रोलवर चालवाय लागलो, खाली सपाटीला बी बारकाच जेट ठिवला. कोरडी चालून इंजन तापायचं, कानाला कळायचं, पण पेट्रोलचा भाव कानाचं थोडाच ऐकतोय. एकदा भरल्या गाडीनं घाट चढताना इंजनातलं वॉल, म्हंजे आतल्या झडपा, जळल्या आणि ती तिथंच बसली. ओढून आणली आणि भंगारात घातली.

आता मी दुसऱ्याच्या ग्यारेजात, हिरीवरची डिझेल इंजनं दुरुस्त करतो. त्यात कार्बोरेटर नसतोय. दादांच्या हिरीवर बी एक हाय. परवा बंद पडलं म्हणून निरोप आला, गेलो, नळीत हवा धरली व्हती, ती काढली, इंजन लागलं, पाणी उसाला निघालं. दादा बांधावर तंबाखू मळत बसलं व्हतं. मी सहज इचारलं, दादा, तवा मी हीर उचलली असती तर.

दादा हसलं. म्हणालं, तू कशाला उचलतोस रं? आणि उचलली असतीस तर मी ती गाडी घिऊन काय केलं असतं, मला ती सुरू बी करता येत न्हवती.

बोलून गेलं आणि मंग त्येंचा तंबाखू मळायचा हात थांबला. मला वाटणीची ती सकाळ आठवली, गाडी जरा सुरात लावून घे म्हणालं व्हतं ती. पाटात हात धुतलं, पाना पिशवीत टाकला आणि म्हणलं, तेल तेवढं बघत जावा दादा.

बायकोला ह्यातलं काय सांगितलं न्हाई. तिला त्याच दिवशी कळलं व्हतं, परत कशाला. वैनी जाताना ऊस बांधून देती, पोरं खात्यात. दादांच्या हिरीला पाणी ऱ्हाऊ दे, त्येंची लेकरं सुखात ऱ्हाऊ देत, मी वंगाळ चितत न्हाई. बोलावलं की अजून जातो. त्यात इंजनाचा काय दोष हाय.