नानांची तालीम

भिया, ॲक्टर बघावा तर आमच्या शेजारचे नाना. मध्यभारत सरकारात कारकून, आणि गणपतीच्या नाटकात जन्मभर म्हाताऱ्याची कामं. अमेरिकन सिनेमे बघायला महूच्या लष्करी छावणीत जायचे, तेही हिरोसाठी नाही, त्याच्या बापाचं काम करणाऱ्या नटासाठी.

त्या वर्षी नाटकात त्यांची बायको मरते असा प्रवेश होता. महिनाभर रोज संध्याकाळी नाना घरात ओरडायचे, "धावा हो, कुणीतरी धावा!" आणि आम्ही पोरं ओट्यावर बसून नंबर द्यायचो.

एक दिवस आवाज असा लागला की अंगावर काटाच आला. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "वा नाना, क्या बात है! आज दसमें से दस!" नाना परत ओरडले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

मग नाना दारात आले. म्हणाले, "अरे, तालीम नाही रे. तुझी काकू बोलत नाहीये."

डॉक्टर येईपर्यंत काकू गेली होती.

ते नाटक पुढच्या गणपतीत झालं. नानांनीच काम केलं. ते वाक्य आलं आणि मी पहिल्या रांगेतून ताडकन उठलो.

नाना स्टेजवरून माझ्याकडे बघत म्हणाले, "बस रे. आता कशाला उठतोस?"