कडक मंगळ

धारवाडची बस उणकलला अडकली आणि अंबूताईंचे कान पुढच्या सीटवरच्या दोन मुलींकडे लागले.

"नेत्रा, शेवटी त्याचीच निवड केलीस?"

"मग कुणाची करू? सगळ्यांना तारणारा तोच."

"अगं, सख्ख्या भावाला फसवलंय त्यानं!"

"नाइलाज होता गं."

"आणि मंगळ?"

"तो आडवा येतोय खरा."

अंबूताईंना राहवेना. "बाळ, मंगळाची शांती करता येते. पण भावाला फसवणारा नवरा नको गं करूस!"

"अय्यो अज्जी, नवरा कुठला? माझ्या विज्ञानकथेतला नायक तो! मंगळ जाळून पृथ्वी वाचवतो."

"अस्सं होय!" अंबूताई खुदकन हसल्या. "मग पृथ्वी दे की खुशाल त्याच्या हाती. मुलगी तेवढी कुणाची देऊ नकोस!"